जुनी गाडी घेताय? आधी पासिंग बघा

जुन्या गाडीच्या सौद्यात करावरून जेवढी भीती घातली जाते, तेवढी दुसऱ्या कशावरून घातली जात नसेल. "डीलरकडून घेतली तर अठरा टक्के जीएसटी बसतो, त्यापेक्षा घरगुती माणसाकडून घ्या," हे वाक्य बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या माझ्या ऑफिसात इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की एकदा त्यावर सविस्तर लिहायलाच हवं होतं. मी हिशेब लिहिते, रिटर्न भरते. गाड्यांचा धंदा माझा नाही. पण सौद्याचे कागद शेवटी माझ्याच टेबलावर येतात, आणि त्यांत दरवेळी एकच गोष्ट दिसते. लोक लहान कराला घाबरतात आणि मोठ्या कराकडे बघतसुद्धा नाहीत.

माझ्या बहिणीचा मुलगा कारेलीबागेत राहतो, नोकरी मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत. मुलगी झाल्यापासून गाडी घ्यायची त्याच्या डोक्यात होतं, आणि बजेट चार लाखांच्या आसपास. त्याच्यापुढे तीन गाड्या होत्या, तिन्ही एकाच मॉडेलच्या, पेट्रोल, साधारण सारख्याच वयाच्या. एक डीलरकडची, ४ लाख २० हजारांची. दुसरी अकोट्यातल्या एका निवृत्त जोडप्याची. काका-काकू ३ लाख ८५ हजार म्हणत होते. तिसरी माझ्या पुण्याच्या मामेभावाची, म्हणजे त्याच्या मामांची, एमएच-१२ पासिंगची. मामा म्हणाले, "घरातलाच आहेस, ३ लाख ४० दे आणि घेऊन जा. टॅक्स लाइफटाइम भरलेला आहे."

अर्थात त्याचा ओढा पुण्याकडे. पोरगं हुशार आहे, पण ८० हजारांचा फरक दिसला की कुणाचंही डोकं तिकडेच जाणार.

आधी डीलरचं घेते, कारण गैरसमज तिथेच जास्त आहे. भाच्याने मला कोटेशनचा फोटो पाठवला. वर गाडीची किंमत ४,२०,०००. त्याखाली 'जीएसटी १८ टक्के' आणि रक्कम ७५,६००. त्याखाली आर.सी. (नोंदणीपुस्तक) ट्रान्सफर आणि फाइल चार्ज. एकूण आकडा पाच लाखांच्या वर. ते बघून तो म्हणाला, "मावशी, डीलरचं नावच काढायला नको."

मी त्याला म्हटलं, "अरे, थांब. हा आकडाच चुकीचा आहे."

जुन्या गाडीवर डीलर जो जीएसटी भरतो, तो गाडीच्या पूर्ण किमतीवर नसतो. डीलरने गाडी केवढ्याला घेतली आणि केवढ्याला विकली, यातल्या फरकावर असतो. समजा त्याने ती गाडी मूळ मालकाकडून ३ लाख ६० हजारांना घेतली. फरक ६० हजार. त्यावर अठरा टक्के म्हणजे १०,८००. कुठे ७५,६०० आणि कुठे १०,८००! पूर्ण किमतीवर कर नव्या गाडीला लागतो. जुन्या गाडीवर तो एकदा वसूल झालेला असतो, म्हणून कायद्याने डीलरच्या नफ्यापुरताच ठेवलाय. त्याची अट एवढीच की डीलरने त्या गाडीवर इनपुट टॅक्स क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, घेतलेलं नसावं. गाडी तोट्यात विकली तर जीएसटी शून्य. आणि हा कर डीलरच्या नफ्यावरचा असल्यामुळे तो कोटेशनमध्ये वेगळा चढवून दाखवण्याचं कारणच नाही, सांगितलेल्या किमतीतच तो बसलेला असायला हवा. मी भाच्याला सांगितलं, परत जा आणि एवढंच विचार, "हा जीएसटी मार्जिनवर लावलाय की पूर्ण किमतीवर?" तो गेला, विचारलं, आणि ७५,६०० ची ओळ दुसऱ्या कोटेशनमधून गायब झाली. असं व्हायला नको. ज्याच्या घरात हिशेब जाणणारं कुणी नाही, त्याने काय करायचं?

हा सगळा गोंधळ वाढला तो २०२४ च्या डिसेंबरात. २१ डिसेंबरला जैसलमेरला जीएसटी कौन्सिलची ५५ वी बैठक झाली आणि जुन्या गाड्यांवरचा दर सरसकट १८ टक्के करायचं ठरलं. जानेवारी २०२५ पासून तो लागू झाला. त्याआधीही मोठ्या गाड्यांना आणि एसयूव्हीला १८ टक्केच होता. लहान गाड्यांना १२ होता, तो वाढला. म्हणजे वरच्या उदाहरणात ७,२०० चे १०,८०० झाले. फरक ३,६०० रुपयांचा. पण व्हॉट्सॲपवर असं पसरलं की आता स्वतःची जुनी गाडी शेजाऱ्याला विकली तरी सरकारला अठरा टक्के द्यावे लागणार. साफ खोटं. नोकरदार, निवृत्त, गृहिणी, म्हणजे ज्यांचं जीएसटी रजिस्ट्रेशन नाही, अशा कुणीही स्वतःची गाडी विकली तर जीएसटीचा प्रश्नच येत नाही. आणि स्वतःच्या वापरातली गाडी प्राप्तिकराच्या दृष्टीने वैयक्तिक वापराची वस्तू असते, त्यामुळे कॅपिटल गेन, म्हणजे विक्रीच्या नफ्यावरचा करही नाही.

एक पोटभेद मात्र लक्षात ठेवायचा, तो आपल्या गावात फार भेटतो. गाडी विकणारा माणूस ओळखीचा असतो, घरी चहा पाजतो, पण आर.सी. बुकावर त्याच्या वर्कशॉपचं नाव असतं. अशी विक्री घरगुती धरता येत नाही. फर्म जीएसटीत नोंदलेली असेल आणि तिने गाडीवर वर्षानुवर्षं घसारा (हिशेबात दरवर्षी घटवलेली किंमत) घेतला असेल, तर विक्रीची किंमत आणि पुस्तकातली घसारा वजा जाता उरलेली किंमत यांतल्या फरकावर १८ टक्के लागतो. ८ लाखांची गाडी, दरवर्षी १५ टक्के घसारा धरला तर पाच वर्षांनी पुस्तकात साधारण ३ लाख ५५ हजार राहते. ती ४ लाख २५ हजारांना विकली तर ७० हजारांवर कर, म्हणजे १२,६००. पुस्तकातल्या किमतीपेक्षा कमीत विकली तर काही नाही. हा भार विकणाऱ्याचा आहे, पण बिल मागून घ्यायचं काम आपलं. अशा सौद्यात सौदा पक्का झाल्यावर "वरचे बारा हजार तुम्ही द्या" असं ऐकायला मिळतं, म्हणून आर.सी. आधी बघा, चहा नंतर प्या.

कन्सल्टवाल्यांबद्दलही थोडं सांगते. बडोद्यात जुन्या गाड्यांचे बरेचसे सौदे ऑटो कन्सल्टमार्फत होतात, आणि त्यांतले कितीतरी जण गाडी स्वतः विकत घेतच नाहीत. दोन माणसांची गाठ घालून देतात आणि कमिशन घेतात. त्यात गैर काहीच नाही, पण तसं असेल तर तुमचा विक्रेता तो नाही, मूळ मालक आहे. जीएसटी लागलाच तर त्याच्या कमिशनवर लागेल. आणि उद्या गाडीत काही निघालं तर त्याच्याकडे बोट दाखवता येणार नाही. म्हणून मी सरळ विचारायला सांगते: बिल तुमच्या नावाचं मिळणार की फक्त सौदाचिठ्ठी? १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरसाठी केंद्राचे नियम आहेत. डीलरने आर.टी.ओ.कडून अधिकारपत्र घ्यायचं, गाडी त्याच्या ताब्यात गेल्याचं फॉर्म २९सी ने कळवलं जायचं, आणि मग ती विकली जाईपर्यंत तिची जबाबदारी त्याच्यावर. असं अधिकारपत्र असलेल्या डीलरकडे दहा-अकरा हजारांचा कर आपल्या किमतीतून गेला, तरी त्या बदल्यात एक जबाबदार विक्रेता मिळतो. मला तो व्यवहार महाग वाटत नाही.

आता मोठा कर. रोड टॅक्स.

मामा म्हणाले टॅक्स भरलेला आहे, ते खरंच होतं. पण तो महाराष्ट्राला भरलेला होता. रोड टॅक्स हा राज्याचा कर आहे. गाडी दुसऱ्या राज्यात नांदायला गेली की तिथलं राज्य आपला कर मागतं. महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला ११ टक्के एकरकमी कर आहे, डिझेलला १३. गुजरातेत खासगी गाडीला ६ टक्के. मामांची गाडी नवी असताना साडेसहा लाखांची होती असं धरलं, तर त्यांनी पुण्यात ७१,५०० भरले असणार. तीच गाडी बडोद्यात घेतली असती तर साधारण ३९ हजार. मामांच्या मनात ते ७१,५०० पक्के बसलेले आहेत, आणि किंमत सांगताना ते "टॅक्स भरलेला आहे" म्हणतात तेव्हा मनापासून म्हणतात. पण भाच्याला त्या ७१,५०० चा उपयोग नाही. त्याला गाडी जीजे-०६, म्हणजे बडोद्याच्या नंबरची, करायची तर गुजरातचा कर गाडीच्या वयाप्रमाणे नव्याने भरायचा. महाराष्ट्राकडून उरलेल्या काळाच्या कराचा परतावा मागता येतो, पण गाडीची दुसऱ्या राज्यात नोंद झाल्याचा पुरावा दिल्यावर, अर्ज करून, आणि वाट बघून. गाडी जितकी जुनी तितका तो परतावा लहान. त्यात तो अर्ज कुणी करायचा आणि पैसे कुणी ठेवायचे, हे नात्यात आधी बोललं जात नाही आणि नंतर बोलायची चोरी होते.

शिवाय एनओसी. पुण्याच्या आर.टी.ओ.तून फॉर्म २८ वर ना-हरकत घ्यायची. त्याआधी गाडीवरची सगळी चलनं भरलेली हवीत, कर्ज असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ देऊन आर.सी.वरून बोजा उतरवलेला हवा, गाडी कुठल्या गुन्ह्यात नाही याची खात्री झालेली हवी. मग इथे दरजीपुऱ्याच्या आर.टी.ओ.त फॉर्म २७ भरून नवा नंबर. गाडी तपासायला न्यायची, नवी नंबरप्लेट लावायची. प्रत्येक पायरीवर एजंट उभा, आणि भाच्याची नोकरी शिफ्टची. मामांची गाडी या सगळ्यातून गाळून बघितली तेव्हा ती अकोट्याच्या गाडीपेक्षा स्वस्त राहत होती की नाही याचीच शंका होती.

"पण मावशी, एमएच नंबरवरच चालवली तर? अलकापुरीत कितीतरी एमएच गाड्या दिसतात."

दिसतात, खरं आहे. कायदा असं म्हणतो की गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त राहिली तर तिथे नोंद करून घ्यायची. ती सवलत तात्पुरत्या राहणाऱ्याला आहे, बदली होऊन आलेल्याला आहे. ज्याने गाडी विकतच घेतली आणि जो कायमचा बडोद्याचा आहे, त्याला मालकीची बदली तीस दिवसांत कळवायची असते. मामांच्या नावावर गाडी ठेवून बडोद्यात फिरवणं म्हणजे मामांना अडकवणं, आणि ते मी होऊ दिलं नसतं.

दिल्लीहून येणाऱ्या स्वस्त डिझेल गाड्यांचंही असंच. तिथे दहा वर्षांच्या डिझेल गाड्यांवर २०१५ पासून बंदीच्या आदेशांची टांगती तलवार आहे, म्हणून त्या बाहेरच्या राज्यांत कमी भावात येतात. स्वस्ताईचं कारण कळलं की एनओसी, इथला कर आणि पंधरा वर्षांनंतरचं नूतनीकरण हे तिन्ही खर्च किमतीत मिळवून मगच बोलणी करावीत. पंधरा वर्षं झालेल्या कारच्या फेरनोंदणीची फी २०२२ पासून पाच हजार आहे, फिटनेस वेगळी.

आपल्याकडे रिफायनरी आहे, ओएनजीसी आहे, रेल्वे आहे, त्यामुळे बदल्या होणारी कुटुंबं भरपूर, आणि त्यांच्या बीएच सिरीजच्या, म्हणजे राज्य बदललं तरी नंबर तोच राहणाऱ्या, गाड्या विकायला निघतात. २०२१ पासून ही सिरीज सुरू झाली. त्यात कर दोन-दोन वर्षांचा भरतात, एकदम आयुष्यभराचा नाही. म्हणून ती गाडी घेताना मालकाने कर कुठल्या महिन्यापर्यंत भरलाय हे बघावं. आणि घेणारा स्वतः बीएचला पात्र नसेल तर त्याला राज्याचा नंबर आणि राज्याचा कर घ्यावा लागतो, तेही किमतीत धरावं. अशा गाड्या सहसा नीट राखलेल्या असतात, तेवढ्यासाठी मला आवडतात.

आता ज्या कराने जुन्या गाडीचा भाव खरोखर हलवला, तो जुन्या गाडीवर लागतच नाही. तो नव्या गाडीवरचा जीएसटी. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्या, म्हणजे चार मीटरच्या आतल्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल किंवा १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल, १८ टक्क्यांत आल्या. आधी पेट्रोलच्या लहान गाडीला २८ टक्के आणि वर एक टक्का सेस, मिळून २९ होता. पाच लाखांच्या मूळ किमतीवर पूर्वी ६ लाख ४५ हजार पडायचे, आता ५ लाख ९० हजार. ५५ हजारांचा फरक. आणि गुजरातचा रोड टॅक्स किमतीवर टक्क्याने असल्यामुळे त्यातही तीनेक हजार कमी. नवी गाडीच एवढी उतरली तर सात वर्षांची जुनी तिच्या आधीच्या भावात कशी राहील? पण विकणाऱ्याच्या डोक्यात त्याने तेव्हा मोजलेली रक्कम असते. तो म्हणतो, मी सात लाख घातले, निम्मे तरी द्या. त्याने किती घातले याला बाजारात आता अर्थ नाही. आज तीच गाडी नवी केवढ्याला पडते, तिथून खाली उतरत यायचं. मोठ्या गाड्यांना सेस जाऊन सरळ ४० टक्के झाला, आधी सेस मिळून पन्नासपर्यंत जायचा, त्यामुळे तिथेही हाच हिशेब लागू.

हेच मी अकोट्याला काका-काकूंकडे बोलले. काकूंनी एक जाड प्लास्टिकची फाइल काढली. मूळ बिल, महानगरपालिकेचा आजीवन वाहन वेरो (कर) भरल्याची पावती, रोड टॅक्सची पावती, प्रत्येक सर्व्हिसचा कागद, तारखेप्रमाणे लावलेला. पीयूसीसुद्धा जुन्या-नव्या सगळ्या. मी आजच्या नव्या गाडीचा भाव सांगितला, टक्क्यांचा हिशेब कागदावर मांडून दाखवला. काका शांतपणे ऐकत होते, मग म्हणाले, "ताई, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं." ३ लाख ७० हजारांत ठरलं. दोघांनाही पटेल असा भाव होता. त्यांना डीलर ३ लाख ४० च्या वर जायला तयार नव्हता.

पैसे सगळे बँकेतून. काही लोक निम्मे रोख मागतात. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं कायद्याने बंद आहे, आणि दंड घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा बसतो. घरगुती विक्रीलाही हे लागू आहे, निवृत्त माणसाला याची कल्पना नसते म्हणून मुद्दाम सांगते. दहा लाखांच्या वरची जुनी गाडी डीलरकडून घेणाऱ्यांनी आणखी एक बघावं: डीलर किमतीवर एक टक्का टीसीएस वसूल करतो. तो खर्च नाही, तुमच्या नावाने जमा झालेला प्राप्तिकर आहे. पॅन नीट द्या, २६एएसमध्ये (प्राप्तिकर खात्याच्या साइटवरच्या तुमच्या कराच्या नोंदीत) दिसतो का बघा आणि रिटर्नमध्ये मागून घ्या. पुष्कळ जण तो सोडून देतात, आणि पंधरा लाखांच्या गाडीवर ते पंधरा हजार असतात.

जीजे-०६ चीच गाडी जीजे-०६ मध्ये राहिल्यामुळे रोड टॅक्स पुन्हा भरायचा नव्हता, तो गाडीबरोबरच आला. फॉर्म २९ आणि ३०, ट्रान्सफरची काहीशे रुपयांची फी, परिवहनच्या साइटवर अर्ज. इन्शुरन्स भाच्याच्या नावावर करायला चौदा दिवसांच्या आत अर्ज दिला. काकांचा नो-क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट, काकांचाच राहिला, तो गाडीबरोबर जात नाही. भाच्याला प्रीमियममधला तेवढा फरक भरावा लागला, आणि हा खर्च सौद्याच्या वेळीच धरलेला होता.

काकांना मी एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली, आणि विकणाऱ्या प्रत्येकाला सांगते. कोऱ्या फॉर्मवर सही करून गाडी कुणाच्याही हवाली करू नका. राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्यानेही चौदा दिवसांत कळवायचं असतं. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सांगितलं की आर.सी.वर ज्याचं नाव, तोच कायद्याने मालक. गाडी पुढे कितीही हात बदलून गेली असली तरी अपघाताची भरपाई त्याच्याकडून मागता येते. सात वर्षं जपून चालवलेल्या गाडीपायी सत्तरीच्या माणसाने कोर्टात उभं राहायचं? म्हणून गाडीचा नंबर टाकून मालकाचं नाव बदललंय का ते बघेपर्यंत व्यवहार पुरा झाला असं समजू नये. भाच्याचं नाव चढल्याचं दिसलं, त्याचा स्क्रीनशॉट मी काकूंना पाठवला, आणि त्यांनी तो छापून त्याच फाइलमध्ये लावला.